माझ्या नावावर तीन धावा

मित्रांनो, मला पाहून तुमच्यातले निम्मे तोंडावर हात ठेवून हसतात, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. दोन्ही कडा तासलेल्या, पोटावर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांखाली एक चीर आणि मुठीवर कधी काळी पिवळे असलेले रबर, असा माझा अवतार आहे. "ही तर कपडे धुवायची दिसते," असे काल सरावाच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. तिचेही काही चुकले नाही. पण मी बॅट आहे. म्हातारी म्हणा, अरुंद म्हणा, पण परदेशात जाऊन कसोटी सामना खेळून आलेली बॅट आहे. माझ्या नावावर तीन धावा आहेत. उभ्या आयुष्यात तीनच. त्या कशा झाल्या ते आज सांगते.

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका कारखान्यात झाला. बाहेरच्या खोलीत विलोच्या लाकडाचे ठोकळे रचलेले असत आणि आतल्या खोलीत घोट्यापर्यंत भुसा साचलेला असे. कारागीर रंधा चालवायचा आणि त्याची धाकटी बहीण शेजारी बसून मुठींना दोरा गुंडाळायची. माझ्यावर रंधा फिरत होता त्या दुपारी रेडिओवर सामना लागला होता. आपल्या संघाची शेवटची जोडी खेळत होती. कारागिराचा अर्धा जीव माझ्यात होता आणि अर्धा रेडिओत. शेवटचा गडी स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाला. "अरे, गेला!" असे ओरडताना कारागिराच्या हाताला हिसका बसला आणि रंधा माझ्या डाव्या कडेत खोल घुसला.

तो डोक्याला हात लावून बसला. "गेली ही कामातून. जळणात टाकायची आता, दुसरं काय!"

"नको ना रे दादा," बहीण म्हणाली. "मूठ किती छान बसलीये हिची. राहू दे कोपऱ्यात. लागेल कुणाला तरी."

त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. दीड वर्ष मी त्या कोपऱ्यात उभी होते. माझ्या पाठच्या बॅटी तयार व्हायच्या, त्यांच्यावर चकचकीत स्टिकर लागायचे, आणि त्या नाक वर करून मोटारीतून निघून जायच्या. मी मात्र कोळ्यांच्या सोबतीला.

मग एके दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे आपल्या देशाच्या संघाचे क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक. आधी ते शाळेत कवायत शिकवत असत, म्हणून संघातही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांनी कोपऱ्यातून मला उचलले, एका हाताने दोनचार वेळा फिरवले आणि त्यांचा चेहरा उजळला. "हलकी आहे. एका हातात पेलते. जरा रंधा द्या इकडे."

आणि मित्रांनो, त्यांनी माझी उरलेली कडही तासली! दोन्ही बाजूंनी बोट बोट लाकूड गेले. कारागीर कासावीस झाला. "अहो मास्तर, एवढी तासलीत तर चेंडू लागायचा कसा हिला?"

"मला मारायचा नाहीये हो," मास्तर म्हणाले. "नुसता चाटवायचा आहे."

अशी मी कामाला लागले. काम काय, तर झेल द्यायचे. रोज सकाळी सरावाला यष्टिरक्षक आणि स्लिपमधले खेळाडू रांगेत वाकून उभे राहायचे. समोरून कुणीतरी चेंडू फेकायचे आणि मास्तर एका हाताने मला आडवी धरून चेंडूला जेमतेम कड लावायचे. चेंडू सणसणत रांगेकडे जायचा. खांद्याजवळचा, पोटाजवळचा, डावा, उजवा, मागाल तसा झेल मी देत असे. तासाला दोनशे.

पण मास्तरांचा आवडता झेल वेगळाच होता. त्याला ते 'तोकडा' म्हणायचे. चेंडू लागण्याच्या ऐन क्षणी ते मूठ सैल सोडायचे. चेंडूतला जीवच निघून जायचा आणि तो स्लिपपर्यंत पोचायच्या आत खाली पडू लागायचा. ज्याने गुडघे वाकवले असतील त्याच्या हातात तो अलगद यायचा. ज्याने नसतील त्याच्या नडगीवर टप्पा घेऊन आदळायचा. "गुडघे वाकवा!" मास्तर ओरडायचे. "चेंडू तुमच्या भेटीला वर येणार नाही, तुम्हीच खाली जा!"

खरे सांगू का, मला या कामाची थोडी लाज वाटायची. झेल देणे ही कुठल्याही बॅटीची नामुष्की असते आणि मी तर पोटापाण्यासाठी झेल देत होते. ड्रेसिंग रूममध्ये बाकीच्या बॅटी आपापल्या शतकांच्या गप्पा मारायच्या आणि मी यष्ट्यांच्या पिशवीत गपचूप पडून असायची. एकदा, फक्त एकदा, खऱ्या सामन्यात जावे आणि एक तरी धाव काढावी, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. बोलले असते तर यष्ट्यासुद्धा हसल्या असत्या.

मग तो दौरा आला. समुद्रापलीकडचा देश, तीन कसोटी सामने, आणि समोर असा संघ की ज्याला त्याच्या घरच्या मैदानावर अकरा वर्षांत कुणीही हरवले नव्हते. पाहुणे यायचे, मार खायचे, हात हलवत परत जायचे. आपल्यालाही पहिल्या दोन सामन्यांत त्यांनी सपाटून मारले. त्यात दोन सामन्यांत मिळून आपण स्लिपमध्ये नऊ झेल सोडले. नऊ! 'यांच्या हातांना भोके पडली आहेत काय?' असे एका वर्तमानपत्राने छापले. मास्तरांनी ते कात्रण घडी करून खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात संघाचे व्यवस्थापक मास्तरांच्या समोर येऊन बसले. मी मास्तरांच्या खुर्चीला टेकून उभी होते, त्यामुळे प्रत्येक शब्द ऐकला.

"मास्तर, राग मानू नका," व्यवस्थापक म्हणाले, "पण घरी सगळे विचारतायत. फलंदाजीला प्रशिक्षक हवा, गोलंदाजीला हवा, हे पटतं. पण झेल शिकवायला वेगळा माणूस कशाला? दोन हात असले की झाला झेल."

मास्तरांनी पावावरचा मुरंबा नीट कडेपर्यंत पसरवला. "तिसरा सामना होऊ द्या," ते म्हणाले.

"होऊ द्या. पण हाही हरलो, तर हा तुमचा शेवटचा दौरा. मग माझ्या हातात काही नाही."

मास्तरांची जागा गेली म्हणजे मीही गेलेच. माझ्यासारखीला दुसरे कोण हातात धरणार? पण त्याहूनही जास्त वाईट वाटले ते मास्तरांचे. त्या माणसाच्या उजव्या हाताला माझ्या मुठीचे घट्टे पडले होते.

तिसऱ्या सामन्याला सहा दिवस होते. यजमानांचे मैदान सरावाला रोज दोनच तास मिळायचे. मास्तरांना ते पुरेना. मग त्यांनी हॉटेलच्या मागचे अंगण शोधून काढले. तिथे धुलाईवाल्या बाई दोऱ्यांवर चादरी वाळत घालायच्या. त्या चादरींपुढे मास्तरांनी रांग उभी केली, म्हणजे सुटलेला चेंडू चादरीत अडकेल. पहिल्या दिवशी बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि प्रत्येक लाल डागाला काहीतरी बोलल्या. भाषा कळली नाही, पण अर्थ अगदी लख्ख कळला. चौथ्या दिवशी चादरीवर एकही डाग नव्हता. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांना कोमट बनपाव आणून दिला.

या रांगेत मास्तरांनी खांबालासुद्धा उभे केले होते. खांब म्हणजे आपला सगळ्यात वेगवान गोलंदाज. उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी आणि फलंदाजी विचारूच नका, अकराव्या क्रमांकावर यायचा. वेगवान गोलंदाज कधी स्लिपमध्ये उभा राहत नाही, पण मास्तरांच्या रांगेत कुणालाच सूट नव्हती. आणि तोकडे सगळे त्यालाच! त्याच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या.

"मास्तर, सारखं माझ्यावरच का हो?" तो एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"कारण जमीन सगळ्यात लांब तुझ्यापासून आहे," मास्तर म्हणाले. "माझ्या मुठीकडे बघ. ती सैल सुटली की समज, चेंडू पडणार."

तेव्हापासून खांब माझ्याकडे टक लावून बघू लागला. माझ्या मुठीवरची मास्तरांची बोटे त्याने तोंडपाठ केली.

तिसरा सामना सुरू झाला आणि मित्रांनो, काय सांगू! स्लिपमध्ये चेंडू जाईल तो हातात. पहिल्या डावात चार झेल, दुसऱ्यात पाच. शेवटचा तर खांबाने पकडला. बदली म्हणून दोन षटके तो स्लिपमध्ये उभा होता आणि चेंडू आला तो नेमका तोकडा. एवढा मोठा माणूस घडीच्या खुर्चीसारखा मिटला आणि गवतापासून दोन बोटांवरून चेंडू उचलून वर आला. चौथ्या दिवशी खेळ संपला तेव्हा आपल्याला जिंकायला एकशे अठ्ठ्याऐंशी धावा हव्या होत्या. अकरा वर्षांत इतक्या जवळ कुणी आले नव्हते.

त्या संध्याकाळी मास्तर मला घेऊन सामानवाल्या काकांकडे गेले. काका म्हणजे संघाची पॅड, बॅटी, हेल्मेटे, सगळे सांभाळणारा माणूस. त्यांची एक पद्धत होती. घाईत कुणी दुसऱ्याची बॅट उचलू नये म्हणून प्रत्येकाच्या मुठीवर ते वेगळ्या रंगाचे रबर चढवायचे. कर्णधाराचे लाल, यष्टिरक्षकाचे हिरवे, खांबाचे पिवळे. या पद्धतीचा काकांना भारी अभिमान होता. वीस वर्षांत एकदाही घोळ झाला नाही, असे ते जेवतानासुद्धा सांगायचे. माझ्या मुठीवर मात्र फाटके काळे रबर होते.

"काका, हिला नवीन रबर चढवा," मास्तर म्हणाले. "नऊ झेलांची मानकरी आहे."

काकांनी पेटी उपसली. "मास्तर, फक्त पिवळं शिल्लक आहे. आपला खांब महिन्यातून चार चेंडू खेळतो, त्याचं रबर झिजतंय कुठे!"

"चालेल की. हिला कोण खेळायला नेतोय?"

आणि वीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी आपलाच नियम मोडला. माझ्या मुठीवर कोरे पिवळे रबर चढले. मी इतकी खूश झाले की शेजारच्या लाल मुठीच्या बॅटीकडे पाहिलेसुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी सकाळचा सराव आटोपून मास्तरांनी मला ड्रेसिंग रूमच्या दाराशी उभे केले. सामना वरखाली होत राहिला. यष्टिरक्षक एक टोक धरून उभा होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो झोपेतसुद्धा बोलतो अशी ख्याती होती. चहापानानंतर जिंकायला फक्त नऊ धावा उरल्या आणि आपले तीन गडी बाकी होते. सगळे हसू लागले. दोन दिवस गोलंदाजी करून खांबाचे पाय सुजले होते. त्याने बूट काढले आणि दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत सोडून डोळे मिटले.

इतक्यात बाहेर गलका झाला. यजमानांच्या वेगवान गोलंदाजाने लागोपाठ दोन चेंडूंवर दोन गडी घेतले होते, आणि पहिला गेला तेव्हा खांबाला उठवायचे कुणालाच सुचले नव्हते!

"खांब! अरे ऊठ! तुझाच नंबर!"

पुढची तीन मिनिटे काय गोंधळ उडाला म्हणता! तीन मिनिटांत नवा फलंदाज खेळपट्टीवर पोचला नाही तर तो न खेळताच बाद होतो. काका एका पायाला पॅड बांधतायत, कर्णधार दुसऱ्या पायात बूट कोंबतोय, बादली कलंडून बर्फ जमिनीवर. खांबाची स्वतःची बॅट त्याच्या पिशवीवर टॉवेलखाली झाकलेली होती. तो दाराकडे धावला. दाराशी त्याला पिवळी मूठ दिसली. त्याने ती पकडली आणि सुटला.

ती मी होते, मित्रांनो! मागून मास्तरांची किंकाळी ऐकू आली, "अरे, ती नाही! ती नाही रे!" पण तोवर आम्ही लाकडी जिना उतरून गवतावर पोचलो होतो.

आनंद झाला का? झाला की! पण त्याच्या मागोमाग अशी भीती वाटली की माझे लाकूड थंड पडले. नऊ धावा हव्यात. शेवटची जोडी. स्लिपमध्ये चार जण टपून बसलेले. मास्तरांची सगळी पुढची वर्षे पणाला लागलेली, आणि खेळायला कोण, तर आयुष्यभर झेल देण्यापलीकडे काहीही न शिकलेली मी!

खांबाने मला जमिनीवर टेकवले आणि तेव्हा कुठे त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. "अरे देवा," तो म्हणाला.

पलीकडून भोंगा धावत आला. "काय झालं? अरे, ही तर मास्तरांची! ही कशाला आणलीस? ही झेल देते ना! आता रे?"

यजमानांचा कर्णधार स्लिपमध्ये पोट धरून हसत होता. त्याने पंचांना मला तपासायला सांगितले. पंचांनी बॅटीची रुंदी मोजायची चौकट आणून माझ्यावरून फिरवली. मी तिच्यातून इतकी सहज गेले की दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढी जागा उरली. पंच म्हणाले, "रुंद बॅटीला मनाई आहे. अरुंद आणायची तर ज्याची त्याची मर्जी."

तो गोलंदाज धावत आला. पहिला चेंडू उजव्या कडेजवळून फुंकर घातल्यासारखा गेला. चारही स्लिपवाले हात वर करून ओरडले आणि मग त्यांनी तेच हात डोक्याला लावले. कड लागलीच नव्हती! मी तर डोळेच मिटले होते, म्हणजे मला असते तर मिटले असते. दुसरा चेंडू तसाच. तिसरा खांबाने माझ्या मध्यावर अडवला, तेव्हा फुटक्या माठासारखा आवाज आला. चौथा पुन्हा कडेजवळून गेला. गोलंदाजाने कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहिले. अशा चेंडूंवर त्याने जगभरचे फलंदाज बाद केले होते. त्याला काय ठाऊक, की त्या चेंडूंना ज्या लाकडाची कड लागायची, ते मास्तरांनी कधीच तासून टाकले होते!

षटक संपल्याबरोबर राखीव खेळाडू खांबाची खरी बॅट घेऊन धावत आला. "मास्तरांनी पाठवलीये. ती दे इकडे."

खांबाने त्या रुंद, कोऱ्या बॅटीकडे पाहिले आणि मान हलवली. "ही घेऊन आलो असतो तर पहिल्याच चेंडूला परत गेलो असतो. नेऊन ठेव. आमचं दोघांचं बरं चाललंय."

आमचं दोघांचं! मित्रांनो, मला तोवर कुणी असे म्हटले नव्हते.

पुढच्या षटकात भोंग्याने एक चौकार मारला आणि दोन धावा पळून काढल्या. शेवटच्या चेंडूवर एक धाव घेऊन खांबाला वाचवायचा त्याचा बेत होता, तो फसला. आता तीन धावा हव्या होत्या आणि समोर पुन्हा आम्ही. भोंगा बडबडायचा थांबला. त्याला गप्प झालेला त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

यजमानांनी सगळे क्षेत्ररक्षक जवळ बोलावले. मागे सीमारेषेपर्यंत नुसते हिरवे गवत. पहिला चेंडू खांबाने अडवला, दुसरा सोडला. तिसरा चेंडू मधल्या यष्टीच्या रेषेत आला आणि शेवटच्या क्षणी बाहेर वळला. मला लगेच कळले, हा चुकवता येणार नाही. एवढ्या वर्षांच्या सवयीने माझी कड त्याच्याकडे गेलीच. झेल! दुसऱ्या स्लिपकडे, अगदी हवा तसा!

पण त्याच क्षणी मला माझ्या मुठीवर ओळखीचे काहीतरी जाणवले. खांबाची बोटे सैल झाली होती. चादरींपुढे उभा राहून तो जे दोनदोन तास बघत होता, तेच त्याच्या हाताने आपोआप केले होते. चेंडूतला जीव निघून गेला. तो तोकडा झाला.

दुसऱ्या स्लिपवाल्याने गुडघे वाकवले नव्हते. अकरा वर्षे जिंकणाऱ्या माणसाला कुणी गुडघे वाकवायला सांगत नाही. चेंडू त्याच्या पुढ्यात टप्पा घेऊन नडगीवर आदळला, तो कळवळला, आणि चेंडू तिरका होऊन मोकळ्या गवतावर पळत सुटला.

"पळ!" भोंगा परत सुरू झाला. "पळ रे खांबा, पळ, पळ, पळ!"

सुजल्या पायांनी खांब पळू लागला. एक धाव. त्यांचा यष्टिरक्षक आणि दोन स्लिपवाले चेंडूमागे धावत होते. दोन धावा, बरोबरी! थांबावे की पळावे? भोंगा अर्ध्यात पोचलासुद्धा होता. खांब वळला. चेंडू उचलला गेला, फेकला गेला, माझ्या डोक्यावरून सूं करत गेला. खांबाने अंग झोकून दिले आणि मला लांब पुढे सरकवले. मातीत घासत मी पुढे गेले आणि तेवढ्यात माझ्यापुढे यष्ट्या उडाल्या.

पंच खाली वाकले. माझे टोक रेषेच्या पलीकडे चार बोटे होते. मास्तरांनी माझी रुंदी तासली होती, लांबी मात्र शाबूत ठेवली होती.

मग जे झाले ते मला नीट आठवत नाही. मी कुणाकुणाच्या हातात होते, कुणीकुणी मला कपाळाला लावले. यजमानांच्या कर्णधाराने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि तो मनापासून हसून म्हणाला, "आमच्या स्लिपवाल्यांसाठीही एक अशी करून द्या." मास्तर मैदानात आलेच नाहीत. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते. खांब लंगडत त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

मास्तरांनी आधी माझ्यावरून बोट फिरवले. "चीर पाडलीस हिला," ते म्हणाले. मग टॉवेलने डोळे पुसले. "गुडघे वाकवले होतेस का?"

"वाकवले होते, मास्तर."

"मग ठीक आहे."

व्यवस्थापकही तिथे आले आणि घसा साफ करत म्हणाले, "मास्तर, पुढच्या दौऱ्याला तुम्हाला खिडकीजवळची जागा ठेवू की मधली?" कोपऱ्यात काका मात्र कान धरून उभे होते. वीस वर्षांत पहिला घोळ झाला होता, आणि त्याच घोळासाठी सगळे त्यांना मिठ्या मारत होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मित्रांनो, कौतुकाचेही एक दुखणे असते. क्रिकेट मंडळाच्या लोकांनी मास्तरांकडून मला मागून घेतले आणि कचेरीतल्या काचेच्या कपाटात ठेवले. खाली पाटी लावली: 'विजयी बॅट. हात लावू नये.' आणि खरेच, सहा वर्षे कुणी हात लावला नाही. सुरुवातीला लोक यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे. मग कपाटासमोर कागदांचे गठ्ठे आले. सफाईवाल्या मावशी काच बाहेरून पुसायच्या, आत मी धुळीत. दुपारचे ऊन थेट माझ्यावर पडायचे. तेलाचा थेंब नाही, त्यामुळे लाकूड सुकत गेले आणि चीर बोटभर वाढली. ज्या झेलांची मला लाज वाटायची, त्यांची मला तिथे रोज सकाळी आठवण यायची.

मास्तर निवृत्त झाल्यावर मला भेटायला आले आणि माझी दशा पाहून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी दोन अर्ज केले. 'वस्तू परत देण्याची तरतूद नाही,' असे उत्तर आले. तिसऱ्या वेळी ते अर्ज घेऊन आले नाहीत. बरोबर काका होते, आणि खांब होता. खांबाच्या काखेत त्याची ती रुंद, कोरी बॅट होती. मुठीवर पिवळे रबर.

"मावशी, जरा कपाटाची किल्ली देता का?" काका म्हणाले. "आतून पुसून घेतो."

"कुणीतरी पुसा बाई एकदा," मावशी म्हणाल्या, आणि किल्ली देऊन पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खांब म्हणाला, "माझी बिचारी त्या दिवशी टॉवेलखाली राहिली. तिलाही मिरवू दे की थोडं." काकांनी आयुष्यातला दुसरा घोळ घातला, पण या वेळी अगदी ठरवून.

तेव्हा तुम्ही कधी त्या कचेरीत गेलात आणि काचेमागे एक रुंद, कोरी 'विजयी बॅट' दिसली, तर ताकास तूर लागू देऊ नका.

मला घरी आणून मास्तरांनी जवसाचे तेल चोळले, चिरेत सरस भरला आणि वर पट्ट्या बांधल्या. आता मास्तर तुम्हा मुलांना झेल शिकवतात आणि मी रोज सकाळी तुमच्यासमोर असते. माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरी कोपऱ्यात, माळ्यावर, काचेच्या कपाटात माझ्यासारखे कुणी जुने पडले असेल, तर त्याला तेलपाणी करा आणि त्याच्या जोगते काम द्या. नुसती पाटी लावू नका. तीन धावांनी माझे नाव झाले, पण मला जिवंत ठेवले ते तासाला दोनशे झेलांनी.

बरे, मास्तर आले. त्यांनी मूठ धरली. गोष्ट पुरे, रांगेत उभे राहा पाहू. कपडे धुवायची म्हणणारी ती मुलगी कुठे आहे? ये, तूच पुढे ये. पहिला चेंडू तुला, आणि आधीच सांगून ठेवते, मास्तरांची बोटे आत्ता सैल होतायत. गुडघे वाकव!